तारेचा हिशेब

गेल्या महिन्यात भाच्याच्या ग्लायडरचे पंख कापण्यासाठी तापत्या तारेचे कटर करायला घेतले. योग्य तार शोधताना कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात एक पत्र्याचा डबा सापडला, जो मी २०१९ च्या सप्टेंबरपासून उघडलेला नव्हता. डब्यात कॅन्थल या मिश्रधातूच्या तारेची दोन रिळे, अडीच मिलिमीटरचे एक ड्रिल बिट, सिरॅमिकच्या टोकांचा चिमटा, कापसाची अर्धी गुंडाळी आणि एक शंभर पानी वही होती. त्या वहीत मी ई-सिगारेटसाठी स्वतःच्या हाताने वळलेल्या प्रत्येक कॉइलची नोंद तारीख, तारेचा प्रकार, लांबी, वेढे, मोजलेला रोध आणि शेरा अशा रकान्यांत केलेली आहे. मी पेशाने लेखापाल आहे. आकडे लिहून ठेवल्याशिवाय मला कोणत्याही कामाचा भरवसा वाटत नाही, आणि या कामात तर आकडे हेच काम होते.

चौदा वर्षे सिगारेट ओढल्यानंतर २०१४ साली मी ई-सिगारेटकडे वळलो. ती निरुपद्रवी आहे असे मला तेव्हाही वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही, कारण निकोटिनचे व्यसन दोन्हीकडे सारखेच असते. त्या उपकरणात द्रव तापवून त्याची वाफ करणारी तयार कॉइल दहा-पंधरा दिवसांत काळवंडत असे, नवी सहज मिळत नसे आणि मिळाली तरी महाग पडत असे. उघडून पाहिली तेव्हा आत बोटभर तार आणि चिमूटभर कापूस एवढेच होते. ही वस्तू आपल्याला करता येईल असे वाटले, याचे कारण तशीच पण मोठ्या आकाराची वस्तू मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

पुण्याच्या शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक विजेची शेगडी असे. पांढऱ्या, नागमोडी खाचांच्या सिरॅमिकच्या तबकडीत स्प्रिंगसारखी कॉइल बसवलेली असायची, आणि गॅसचा सिलिंडर संपला की तीच घर चालवत असे. दूध उतू गेले की कॉइल तुटणार हे घरात सर्वांना ठाऊक होते. लाल झालेल्या तारेवर तिच्या मानाने गार असलेले दूध एकदम पडले की ती हमखास दगा देई. मग बाबा संध्याकाळी प्लग काढून, शेगडी पूर्ण निवल्याची खात्री करून, तुटलेली दोन टोके ओढून एकमेकांत पिळत असत. आई दर वेळी म्हणायची, "अहो, जोडलेली कॉइल जास्त तापते, भाकरी करपते." बाबांना ते पटत नसे. आईचे निरीक्षण अगदी अचूक होते, हे मला दहावीत ओहमचा नियम शिकल्यावर कळले. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या शेगडीच्या कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम असतो. जोडताना तारेचा दहावा भाग वाया गेला तर रोध पावणेचोवीसच्या आसपास येतो, प्रवाह वाढतो आणि शेगडी सुमारे २२०० वॅट खाऊ लागते. तार जितकी आखूड तितका रोध कमी, आणि रोध जितका कमी तितकी उष्णता जास्त. रोध म्हणजे अडथळा, आणि अडथळा वाढला की उष्णता वाढणार, असे आपले मन सांगत असते. व्होल्टेज ठरलेले असेल तर मात्र नेमके उलटे घडते. ई-सिगारेटची कॉइल वळणाऱ्याने ही एक गोष्ट जरी मनात पक्की केली नाही, तरी त्याच्या हातून अपघात होऊ शकतो.

शेगडीतील तार बहुधा निक्रोमची, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते. आल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळवले आणि घरगुती टोस्टर, इस्त्री, शेगडी या वस्तूंना टिकाऊ तार मिळाली. साधी लोखंडी तार लाल होईपर्यंत तापवली तर ती हवेतील ऑक्सिजनने खाल्ली जाते. निक्रोमवर मात्र क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर चढतो आणि तोच तिचे रक्षण करतो. कॅन्थल हा स्वीडनमधील हान्स फॉन कान्त्झोव यांनी विकसित केलेला मिश्रधातू. त्यात लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम असते आणि त्यावर चढणारा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. दिसायला दोन्ही तारा जवळपास सारख्याच. त्या ओळखण्याची एक सोपी खूण मला पुढे एका चुकीनंतर कळली: कॅन्थलला लोहचुंबक चिकटतो, तर ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के क्रोमियम असलेल्या निक्रोमला चिकटत नाही. माझ्या डब्यात म्हणूनच एक छोटे चुंबक अजून आहे.

आता वहीतील हिशेब. कॅन्थल ए-वन या प्रकाराची रोधकता १.४५ आहे, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तारेचा रोध १.४५ ओहम भरतो. अमेरिकन मापाच्या २८ गेज, म्हणजे जाडीच्या २८ नंबरच्या, तारेचा व्यास ०.३२ मिमी आणि छेद ०.०८१ चौरस मिमी असतो. १.४५ ला ०.०८१ ने भागले की मीटरला १७.९ ओहम येतात. अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर वेढा घेतला की तारेची जाडी धरून एका वेढ्याला सुमारे ८.९ मिमी तार लागते. सहा वेढ्यांना ५३ मिमी, आणि दोन्ही बाजूंचे पाय स्क्रूपर्यंत नेण्यासाठी आणखी दहा, अशी एकूण ६३ मिमी. म्हणजे रोध १.१३ ओहम. पूर्ण भारलेल्या लिथियम सेलचे व्होल्टेज ४.२ असते, म्हणून प्रवाह ३.७ अँपिअर आणि शक्ती साडेपंधरा वॅटच्या वर जरा. हा माझा नेहमीचा, सौम्य हिशेब. वहीच्या पहिल्या पानावर तो एवढ्या वेळा गिरवलेला आहे की कागद खडबडीत झाला आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात कॅन्थलचे रीळ संपले. मी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो आणि एका दुकानात हीटरची अठ्ठावीस नंबर तार मागितली. दुकानदारकाकांनी मागितले तेच दिले. त्यात त्यांची काहीही चूक नव्हती. घरी येऊन त्याच बिटावर सहा वेढे घेतले, आणि शंभरेक कॉइल वळून हात बसला आहे या समजुतीने मोजणी न करता ती उपकरणात बसवली. त्या काळी मी एक साधी धातूची नळी वापरत असे, ज्यात कुठलेही सर्किट नव्हते; बटण दाबले की सेल आणि कॉइल थेट जोडले जात. पहिल्या झुरक्यालाच कापूस करपला, घशात जळजळ झाली आणि नळी हाताला गरम लागली. बटण लगेच सोडले, सेल काढला, आणि त्यानंतर वही उघडली.

चूक एक नव्हती, दोन होत्या. पहिली म्हणजे आपल्या बाजारात तारेचा नंबर सहसा ब्रिटिश मापाने सांगतात, आणि माझा हिशेब अमेरिकन मापाचा होता. ब्रिटिश २८ नंबरची तार ०.३७६ मिमी जाड असते, कागदावर ०.३२ आणि ०.३७६ यांतला फरक क्षुल्लक दिसतो, पण छेद व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तिचा छेद ०.०८१ ऐवजी ०.१११ होतो. दुसरी चूक धातूची. मिळालेली तार निक्रोमची होती, जिची रोधकता १.४५ नसून १.०९ च्या आसपास असते. दोन्ही फरक एकाच दिशेने गेले आणि मीटरला १७.९ ओहमऐवजी ९.८ ओहम उरले. वळलेल्या कॉइलचा रोध १.१३ ऐवजी ०.६३ झाला, प्रवाह ३.७ वरून ६.७ अँपिअरवर गेला आणि शक्ती २८ वॅट झाली. तोच नंबर, तेवढेच वेढे, तेच बिट. आणि सेलवर जवळजवळ दुप्पट भार. माझा सेल वीस अँपिअरपर्यंत सुरक्षित चालणारा होता म्हणून प्रकरण करपलेल्या कापसावर थांबले. त्या दिवसापासून मी तार नंबराने मागत नाही, मिलिमीटरमध्ये व्यास सांगतो, आणि घरी आल्यावर मायक्रोमीटरने तपासतो.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मला आजवर सर्वांत उपयोगी पडली आहे. करपलेली कॉइल मल्टिमीटरवर मोजली तर आकडा ०.८ दिसला, हिशेबाने यायला हवा होता ०.६३. मग मीटरच्या दोन्ही तारांची टोके नुसतीच एकमेकांना टेकवली, तर मीटरने ०.२ दाखवले. म्हणजे मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध प्रत्येक मोजणीत मिसळत होता. भट्टीच्या किंवा शेगडीच्या कॉइलमध्ये ०.२ ओहम कोणी विचारात घेणार नाही, पण एक ओहमच्या आतबाहेरच्या वस्तूत तो पाचवा हिस्सा असतो, आणि वाईट म्हणजे ही चूक धोका लपवणाऱ्या बाजूची असते: मीटर रोध जास्त दाखवतो, आपण निर्धास्त होतो, आणि प्रत्यक्षात रोध कमी असतो. आधी टोके टेकवून आकडा घ्यायचा, मग वस्तू मोजायची आणि पहिला आकडा वजा करायचा, ही सवय त्या दिवशी लागली.

वळलेली कॉइल लगेच वापरण्याजोगी नसते. कापूस घालण्याआधी ती अगदी कमी शक्तीवर क्षणभर तापवावी लागते आणि रंग कुठून सुरू होतो ते अंधारात पाहावे लागते. चांगली कॉइल मधल्या वेढ्यांपासून लाल होत दोन्ही बाजूंना सरकते. एखादा वेढा शेजारच्याला अर्धवट टेकला असेल किंवा पायाचा स्क्रू सैल असेल तर तेवढाच ठिपका आधी पेटतो. अशा वेळी प्रवाह बंद करून सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलकेच दाबायचे. धातूचा चिमटा वापरला तर तो स्वतःच प्रवाहाची वाट होऊन बसतो. तीन-चार वेळा तापवल्यावर तारेवर करडा थर चढतो, आणि तो थर वीजरोधक असल्यामुळे वेढे एकमेकांना चिकटलेले असूनही प्रवाह आडवा न जाता तारेच्या पूर्ण लांबीतून फिरतो. मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटे. जो थर तारेला जळण्यापासून वाचवतो, तोच तिच्या वेढ्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. मात्र एकदा लाल झालेली कॅन्थल तार ठिसूळ होते. ती उलगडून पुन्हा वळायला गेलो की तुटते. काही जण टायटॅनियमचीही तार वापरत. ती लाल होईपर्यंत कोरडी तापवू नये, हे मी माहीत करून घेतले आणि त्या वाटेला गेलो नाही.

कापसाचे गणित आकड्यांत मांडता येत नाही, त्यासाठी मला आजी आठवावी लागली. ती चातुर्मासात दुपारभर वाती वळत बसे. सरकी काढून, कापूस बोटांनी पिंजून, मांडीवर अलगद फिरवत ती सांगायची, "घट्ट वळलीस तर तेल चढत नाही, सैल ठेवलीस तर भसकन जळते." कॉइलमधील कापसाला हाच नियम शब्दशः लागू पडतो, कारण दोन्हीकडे द्रव तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणानेच वर येतो. निरांजनातील वातीच्या टोकाला ज्योत असते, इथे वातीभोवती तापती तार असते, एवढाच फरक. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. औषधांच्या दुकानात मिळणारा वैद्यकीय कापूस पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून मी वापरत असे.

कापूस ओला असणे महत्त्वाचे का, तेही स्वयंपाकघरातूनच समजते. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड करपत नाही, कारण पाणी उष्णता घेऊन वाफ होत राहते. ई-सिगारेटच्या द्रवात प्रामुख्याने प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिल्याचा उत्कलनांक १८८ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा २९० अंश. द्रव पोहोचत आहे तोवर तार त्यांच्या आसपासच राहते. कापूस कोरडा पडला की तिला धरून ठेवणारे काही उरत नाही, तापमान झपाट्याने चढते, आणि जास्त तापलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन तयार होते. कढईतील तेल विसरून धूर येऊ लागला की जो दर्प नाकाडोळ्यांना झोंबतो, त्यातला एक मुख्य घटक हाच. तो दर्प फुप्फुसात ओढून घेण्यासारखा नाही, एवढे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नाही. यंत्राला किती वॅट चालतात, यापेक्षा वात द्रव किती वेगाने आणू शकते हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, आणि मी तो पुष्कळ उशिरा विचारू लागलो.

खरा धोका मात्र तारेत किंवा कापसात नसतो, सेलमध्ये असतो. अशा सेलच्या नावातला १८६५० हा आकडा मापाचा आहे: १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. या मापाच्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास क्षमता छापलेली वेष्टने मी पाहिली आहेत. माझ्या काळात चांगल्यातले चांगले सेलही ३५०० च्या आसपास थांबत. वेष्टनावर छापलेल्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कमी रोधाची कॉइल लावणे म्हणजे शिल्लक न पाहता धनादेश लिहिणे आहे. ०.२ ओहमची कॉइल ४.२ व्होल्टवर २१ अँपिअर ओढते. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल इतक्या प्रवाहासाठी केलेलेच नसतात. ते आतून तापतात, आणि एका मर्यादेनंतर ती उष्णता स्वतःच वाढत जाते, जी बटण सोडूनही थांबत नाही. बंद धातूच्या नळीत, चेहऱ्यासमोर धरलेल्या वस्तूत असे होणे किती भयंकर आहे हे मी वेगळे सांगायला नको. फाटक्या वेष्टनाचा सेल मी एकदाही वापरला नाही, आणि खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल ठेवणाऱ्या एका मित्राशी मी यावरून भांडलोही होतो.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी कायद्याचे कलम न् कलम वाचले. उत्पादनाच्या व्याख्येत ई-सिगारेटचा कोणताही भाग तयार करणे किंवा जोडणे हेही येते, म्हणजे ड्रिल बिटावर घेतलेले माझे सहा वेढेसुद्धा त्यात येतात, असा मी त्याचा अर्थ लावला. जुने लेख वाचून आजही पुण्यात कोणी हे करू पाहत असेल, तर त्याने हे आधी जाणून घ्यावे. बंदीमुळे साध्या सिगारेटी पानपट्टीवर तशाच राहिल्या, ही खंत मला आहे. पण घरात शाळकरी भाचा वावरत असताना अशी चवदार वाफ काढणारी वस्तू टेबलावर नसावी, हेही मला तितकेच पटते. उपकरण मी काढून टाकले, निकोटिनच्या गोळ्या चघळत आठ महिने काढले आणि ते व्यसनही सुटले. तार टाकवली नाही, कारण तार ही नुसती तार असते.

ती आता ग्लायडरच्या कामी आली. भाच्याला पंख कापायला चाळीस सेंटिमीटरची ताणलेली तार हवी होती. त्याला वही दिली आणि म्हटले, आधी हिशेब कर. त्याने १७.९ ला ०.४ ने गुणून ७.२ ओहम काढले, मग बारा व्होल्टच्या ॲडॅप्टरवर १.७ अँपिअरच्या आत आणि वीस वॅट. तापल्यावर तार जेमतेम दोन मिलिमीटर लांबते, तेवढीही ढिलाई पंखाच्या कडेला लाट पाडते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग लावली. कापताना निघणारा धूर चांगला नसतो, म्हणून सारी मांडणी गच्चीत केली. त्याने तारेला चुंबक लावून पाहिले, ते चिकटले. मग मल्टिमीटर लावला आणि आकडा ७.४ आला.

"मामा, जास्त आलाय," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत त्याने वहीतील २०१६ च्या पानावरचा माझा शेरा वाचला, मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवली आणि शेजारच्या रकान्यात ०.२ लिहिले.